शेऱ्याचा रकाना

खोली भाड्यानं देण्याआधी काकाजींनी माझ्याशी भांडण केलं.

मे महिना होता. बालाघाटच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवण्याची नोकरी मला नुकतीच लागली होती आणि तिरोडीहून, खाणीच्या कॉलनीतल्या आमच्या घरून, रोज गाडीनं येणं-जाणं जमत नव्हतं. एकट्या मुलीला खोली नाही, असं दोन घरांनी तोंडावर सांगितलं होतं. तिसऱ्या घराच्या ओसरीत एक उंच, वाळकुडा माणूस बनियनवर बसून पेन्सिलीला टोक काढत होता. मी कशाला आले ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "खोलीचं मंग पाहू. आधी माझ्यासंग भांड."

"जी?"

"भांड म्हनलं. समज, नळ आला. तुझी बालटी लागली आहे. मी येतो, तुझी सरकवतो, माझी लावतो. बोल आता."

माणूस सटकलेला आहे हे उघड होतं. पण ऊन डोक्यात गेलं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि भांडायला माझी कधीच ना नसते. मी पर्स खाली ठेवली. "काहून जी, तुमची बालटी काय आभायातून पडली? अर्ध्या घंट्यापासून उभी आहो मी इथं, दिसून नाही राह्यलं तुमाले? वयानं मोठे आहा म्हनून चूप बसीन असं समजू नका!" असं सुरू झालं ते दोन-तीन मिनिटं चाललं. शेवटी चांगला रंग चढला आणि तोंडून निघून गेलं, "आपने समझ क्या रक्खा है!" त्यासरशी त्यांनी हात वर केला.

"बस. नऊ," ते म्हणाले आणि आत तोंड करून ओरडले, "आयकलं का! चहा मांडा. दहापैकी नऊ आहे पोरगी. एक हिंदीत गेला."

खोली मला मिळाली. त्या घरात मी तीन वर्षं राहिले आणि त्या माणसाशी पुढे खरीखुरी भांडणंही भरपूर केली.

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही काकाजीच म्हणते. सिंचन खात्यात जन्मभर कारकुनी करून ते रिटायर झाले होते आणि आता लग्नं जुळवत होते. फुकट. चहासुद्धा त्यांच्याच घरचा. बालाघाट, वारासिवनी, तिरोडी, बैहरपर्यंत विखुरलेली आमच्यासारखी मराठी घरं, आणि पलीकडे महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा, नागपूर, एवढा त्यांचा मुलूख. पलीकडची माणसं स्थळ पाहायला आली की पोह्यांची बशी हातात घेण्याआधी विचारत, "मुलीला मराठी येतं ना? एमपीतली म्हणजे हिंदीच बोलत असेल." हा प्रश्न काकाजींना फार झोंबायचा. झोंबायचा कारण त्यात तथ्य होतं. आमच्या पिढीची निम्मी पोरं घरात आईशी हिंदीत बोलत होती.

म्हणून त्यांनी ही परीक्षा काढली. "शिकवलेली मराठी कोनीबी बोलते," ते म्हणत. "नमस्कार, बसा, पानी घ्या. पन भांडनाची मराठी घरातूनच यावं लागते." वारासिवनीचा एक इंजिनिअर मुलगा भांडायला बसला आणि पहिल्याच वाक्याला "देखिए अंकल" म्हणाला. त्याला दोन मार्क पडले. काकाजींनी त्याच्या बापाला बोलावून घेतलं आणि पोराला दोन महिने भंडाऱ्याला आत्याकडे पाठवायला लावलं. आत्याची जीभ अख्ख्या भंडाऱ्यात प्रसिद्ध होती. पोरगा परत आला तो सहा मार्कांचा होऊन, आणि त्याच वर्षी त्याचं लग्न झालं.

हे मार्क आणि बाकीचं सगळं काकाजींच्या मशीनमध्ये होतं. ते कम्प्युटर म्हणत नसत, मशीन म्हणत. खात्याच्या लिलावात त्यांनी ती उचलली होती. आली तेव्हा तिच्यावर चित्रं दिसायची, माउस चालायचा. काकाजींनी आठ दिवस ते सहन केलं आणि मग सगळं पुसून जुनं डॉस टाकून घेतलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. जे हवं ते टाइप करून मागायचं. "ते नवं वालं घडीघडी मले थांब म्हनते," त्यांची तक्रार होती. "मी खात्यात तीस साल साहेबाच्या केबिनबाहेर थांबलो. आता घरात नाही थांबत." मी रोज क्लासमध्ये त्याच चित्रवाल्या सिस्टीमचं गुणगान करून पगार घेत होते. त्यावरून आमची जुंपायची. ते मला मास्तरीनबाई म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणतात की चिडवायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते मशीनसमोर बसत. बटण दाबलं की मशीन आपली मेमरी मोजायला लागायची, पडद्यावर आकडा चढत जायचा, आणि तेवढ्या वेळात काकाजी डोळे मिटून हात जोडत. आकडा थांबला की यांचे डोळे उघडत. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणायच्या, देवघरातल्या देवांनी इतका नेम कधी पाहिला नाही.

त्यांच्या यादीत अकराशेवर नावं होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत आणि सगळी मोठी अक्षरं. वय, शिक्षण, गोत्र, उंची, भाषेचे मार्क, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: शेरा.

त्या शेऱ्याबद्दल सांगायला हवं. लग्न जुळवणाऱ्याला लोक काय काय सांगतात, याची कल्पना बाहेरच्याला येणार नाही. कुणाच्या मुलाला दारूची सवय होती आणि आता सुटली आहे. कुणाच्या मुलीचं कॉलेजात एकावर मन होतं. कुणाच्या घरात आजोबांना वेड लागलं होतं, कुणाच्या मुलीला अंगावर, कपड्याआड, पांढरा डाग आहे. आया ओसरीत यायच्या, आवाज खाली न्यायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि सांगायच्या. काकाजी ऐकायचे आणि शेऱ्यात लिहायचे. ते कुणाला दाखवायचे नाहीत. उपयोग एवढाच, की जिथं जुळणार नाही तिथं ते नावच काढायचे नाहीत. पलीकडचा माणूस शेजारी खुर्ची टाकून बसलेला असला की शेवटचा रकाना पडद्यावर येण्याआधी काकाजींचा डावा तळहात काचेवर जाऊन चिकटायचा. त्या कोपऱ्यात काचेवर बोटांचे डाग कायमचे उमटले होते.

माझं नावही त्या यादीत होतं. नाव घालायला मीच हो म्हटलं होतं. पंचवीस वर्षांच्या मुलीनं नाही म्हणायचं कसं? पण माझं एक होतं. लहानपणी मला फिट यायच्या. चौदाव्या वर्षानंतर आली नाही, तरी रोज अर्धी गोळी चालू होती. तिरोडीत आई-बाबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बालाघाटला वरच्या खोलीत एकटीच राहायचं, म्हणून आईनं बजावलं, घरमालकिणीला तेवढं सांगून ठेव. मी काकूंना सांगितलं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि रात्री वर दूध आणून ठेवलं. पण त्या घरात काकूंना सांगितलेली गोष्ट काकाजींच्या कानावर जायला ताटात भात पडेपर्यंतचाच वेळ लागे. तेव्हा माझ्या नावापुढच्या शेऱ्यात काय लिहिलं असेल, हे मला न पाहताच माहीत होतं. तो तळहात काचेवर गेला की मी मान वाकडी करून पाहायची. आणि रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

अशात एका फेब्रुवारीत मशीन आजारी पडली. आतून टक्-टक्, टक्-टक् असा आवाज येऊ लागला, नखानं दार वाजवावं तसा. मी ऐकल्याबरोबर सांगितलं, "काकाजी, डिस्क चालली तुमची. महिना काढंन, दोन महिने काढंन. यादी बाहेर काढा."

काढायची कुठं? फ्लॉप्या होत्या, तर त्यांना बालाघाटच्या दमट हवेनं बुरशी धरलेली. फ्लॉपीचा ड्राइव्ह अंगठ्यानं दाबून धरला तर कसाबसा वाचायचा, लिहायचं म्हटलं की हात वर करायचा. मशीन दुकानात नेऊन उघडू या म्हटलं तर काकाजी खवळले. "दुकानात नेली का यादी दुकानाची झाली. मंग पानठेल्यावर वाचतीन लोक."

तेवढ्यात गोंदियाहून मंडळाचे सचिव आले. आमच्या समाजाचं मंडळ दरवर्षी वधू-वर मेळावा घेई आणि नावांची पुस्तिका छापे. त्यात आमच्या बाजूची नावं जवळपास नसतच. सचिव पन्नाशीचे, सफारीतले, घाईतले. त्यांनी खिशातून बोटाएवढी एक निळी वस्तू काढून टेबलावर ठेवली. आमच्या गल्लीनं पाहिलेला तो पहिला पेन ड्राइव्ह.

"काकाजी, यंदा बालाघाटची सगळी नावं पुस्तिकेत घेतो. तुमची यादी यात टाकून द्या. मी दोन हप्त्यानं येतो." मग जरा पुढे झुकून, "आन शेरा पन पायजे बरं का. शेऱ्याशिवाय यादी म्हनजे नुसती मतदार यादी. आमाले फसायचं नाही कुठं."

काकाजींनी तेव्हा "पाहू" एवढंच म्हटलं. त्यांचं लक्ष निळ्या वस्तूवर होतं. अकराशेतली दोनशेवर नावं आपल्या बाजूच्या मुलींची, आणि ती पहिल्यांदा छापली जाणार. सचिव गेल्यावर ते दोनदा म्हणाले, "पुस्तिकेत येतीन पोरी. पाह्य तू."

माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य राहिलं. शेरा पण पाहिजे. म्हणजे माझी अर्धी गोळी आता गोंदियाला जाणार. काम माझ्याशिवाय होणार नव्हतं, आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं.

तर डॉसला पेन ड्राइव्ह ठाऊकच नाही. डॉस जन्मलं तेव्हा असली वस्तू जगात नव्हती. घातला काय न घातला काय, त्याला सारखंच. मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत तीन संध्याकाळी घालवल्या. पान उघडायला पाच मिनिटं लागायची, मधे लाइट जायची. अखेर दोन छोटे प्रोग्रॅम हाती लागले, असल्या जुन्या सिस्टीमला नव्या वस्तूची ओळख करून देणारे. पहिला मशीनमध्ये नवं काही आलं आहे का ते शोधतो, दुसरा त्याला एक अक्षर देतो, म्हणजे डॉस त्याला आपला समजतं. हे काकाजींना सांगितलं तर ते खूश झाले. "म्हनजे एक जन पाव्हना आला का पाह्यते आन दुसरा त्याले पाट देते."

"हौ. तसंच."

"मंग हे तं आपलंच काम आहे."

नवी फ्लॉपी घेऊन, ड्राइव्ह अंगठ्यानं दाबून धरत, मी दोन्ही प्रोग्रॅम मशीनमध्ये उतरवले. मशीन सुरू होताना काय काय करायचं याची एक फाइल असते. तिच्यात दोन ओळी वाढवायच्या होत्या. काकाजींनी त्या ओळी आधी वहीत उतरवून घेतल्या, मग सदऱ्याच्या खिशात एका चिठ्ठीवर, आणि दोन दिवसांत पाठ करून टाकल्या. भाजी आणायला जाताना पुटपुटत जायचे. पाव्हणा मात्र सापडेना. मशीन सुरू व्हायची आणि पडद्यावर इंग्रजीत यायचं: काही आढळलं नाही.

पहिला गुन्हेगार सापडला मशीनच्या पाठीमागे. पेन ड्राइव्ह घालायच्या दोन चपट्या फटी काकाजींनी कितीतरी वर्षांपूर्वीच काकूंच्या डब्यातल्या, जखमेला लावायच्या चिकटपट्टीनं बुजवल्या होत्या. त्यांना वाटलं, हवा यायला ठेवल्या असतील आणि मुंग्या जातील. मी पट्टी उपटली. एक फट पट्टीच्या गोंदानं पार भरली होती, दुसरी ठीक होती. तिच्यात पेन ड्राइव्ह घालायला त्यांना शिकवलं आणि क्लासला गेले.

तरी चार दिवस तेच. काही आढळलं नाही. मी संध्याकाळी येऊन ओळी तपासायची, ओळी बरोबर. दुसऱ्या जागेवरून तेच प्रोग्रॅम पुन्हा आणले. टक्-टक् वाढत चाललं होतं, एकदा तर मशीन मेमरी मोजून झाल्यावर तशीच बसून राहिली. काकाजींचं जेवण कमी झालं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाह्य ना वं काही. हे रातभर कूस बदलून राह्यले."

रविवारी क्लासला सुट्टी होती म्हणून सकाळीच मी खाली आले आणि दाराशी थबकले. काकाजी आंघोळ करून आले. बटण दाबलं. आकडा चढला, डोळे मिटले, हात जोडले. मशीन पूर्ण जागी झाली. मग त्यांनी उठून कपाट उघडलं, रुमालात बांधलेला पेन ड्राइव्ह काढला, रुमाल सोडला आणि मागं वाकून फटीत घातला.

"काकाजी! तुमी रोज असंच करता?"

"मंग कसं करू?"

"तो आधी लावून ठेवायचा! मशीन चालू व्हायच्या आधी. ती उठतानाच एकदा पाह्यते, मंग पाह्यत नाही. किती डाव सांगतलं मी तुमाले, लावा आन चालू करा म्हनून!"

काकाजी दुखावले. "लोकाची वस्तू आहे ते. पाव्हना आहे. घर झाडलं नाही, दिवा लावला नाही, घरधनी झोपला आहे आन पाव्हन्याले आधीच आनून बसवायचं? असं कोनाच्या घरी असते?"

मी कपाळाला हात लावला. मग जे भांडण झालं त्याला त्यांनी स्वतः दहापैकी दहा दिले असते. चार दिवस तो माणूस मरणाऱ्या मशीनपुढे पाहुण्याची इज्जत सांभाळत होता आणि मी ओळींत चुका शोधत होते. शेवटी काकूंनी आतून सांगितलं, पाव्हना मुक्कामी आहे असं समजा, मुक्कामी पाव्हना तं घरातच उठते. हे त्यांना पटलं. मशीन बंद केली, पेन ड्राइव्ह तसाच ठेवला, पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि मग: एक वस्तू सापडली, तिचं अक्षर ई. काकाजींनी टाइप करून त्याला काय काय आहे ते विचारलं. पेन ड्राइव्ह रिकामा होता, पण जागा किती आहे ते डॉसनं नीट सांगितलं. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. नंतर यादीची फाइल तिकडे पाठवायचा हुकूम त्यांनीच टाइप केला, एकेक अक्षर तोंडानं म्हणत. डिस्क दोनदा अडखळली. फाइल गेली.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

"सगळं? शेऱ्यासकट?"

"हौ. शेऱ्यासकट."

मला वाटलं आता पेढे मागवतात. पण त्यांनी मशीन बंद केली, पेन ड्राइव्ह उपसला आणि तळहातावर घेऊन बसले. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"बारा साल लागले मले हे जमवायले," ते म्हणाले. "आन मिनिटभरात गेलं. मशीन होती तं बरं होतं. चार जनांनी उचलल्याशिवाय घराबाहेर जात नव्हती. हे तं सदऱ्याच्या खिशात मावते. सचिव जीपमध्ये झोपला आन पडलं खाली तं? त्याच्या पोट्ट्यानं उघडून पाह्यलं तं? ह्या बाया माझ्या ओसरीत येऊन बोलल्या. गोंदियाले जाऊन नाही बोलल्या."

मी बोलले असते तर माझ्यासाठीच बोलले असते.

"शेरा सोडून बाकीचं नेता येते?"

"येते. कोनते रकाने न्यायचे ते एका ओळीत सांगता येते."

"मंग तसं कर. आन हे पुस."

माझ्या अंगावरून ओझं उतरलं. तरी मास्तरीन मधे बोललीच. "पन काकाजी, तुमची डिस्क तं चालली. शेरे मंग कुठंच राह्यनार नाहीत. दुसरा एक पेन ड्राइव्ह आनू, तुमच्या कपाटात ठेवा."

"आन माझ्यामागं कपाटाची चाबी कोनाकडे जाईन?" ते म्हणाले. "नाही. शेरे मेले तं मरू दे मशीनसंग."

हे त्यांनी सहज म्हटलं, पण त्यांना ते सहज नव्हतं. त्या शेऱ्यांवरच त्यांची सगळी विद्या उभी होती. सत्तरीकडे चाललेल्या माणसाला अकराशे घरांच्या गोष्टी तोंडपाठ राहत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी पेन ड्राइव्हवरची फाइल पुसली. त्यांनी विचारलं, "पुसलं म्हनजे पुसलं ना?" मी क्लासमध्ये शिकवायची तेच मला सांगावं लागलं, की पुसलं म्हणजे नुसतं नाव जातं, मजकूर आत असतो, जाणकार माणूस तो काढू शकतो, वरून दुसरं काही लिहिलं की मगच तो जातो. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही हा लबाडपणा मीच केला होता. मग आम्ही भाषेच्या मार्कांची एक फाइल घेतली आणि तिच्या नकलांवर नकला करून तो पेन ड्राइव्ह काठोकाठ भरला. जुन्या मशीनला ते काम दुपारपर्यंत पुरलं. मधे जेवणं झाली. मग त्या सगळ्या नकला पुसल्या आणि शेऱ्याविना यादी त्यात घातली.

सचिव त्याच आठवड्यात आले. पेन ड्राइव्ह खिशात टाकता टाकता म्हणाले, "शेरा आहे ना यात?"

जो माणूस मुलाचं वय सहा महिन्यांनी कमी सांगणाऱ्या बापाला ओसरीतून उठवायचा, तो सचिवांच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "शेरा नाही उतरत साहेब त्यात. डॉस जुनी आहे. तितकं तिले जमत नाही."

सचिव माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी तं कम्प्युटर शिकवता. असं असते का?"

"हौ जी," मी म्हटलं. "जुन्या सिस्टीमले तेवढी सोयच नाही."

ते चुकचुकले आणि गेले. काकाजी ओसरीच्या पायरीवर उभे राहून त्यांची जीप वळेपर्यंत पाहत होते. मेळाव्याची पुस्तिका पुढे छापून आली, आमच्या बाजूच्या पोरी तिच्यात होत्या, आणि रामपायलीच्या एका शेतकरी घरातल्या मुलीचं त्या पुस्तिकेवरून भंडाऱ्याला जमलं, तेव्हा काकाजींनी गल्लीत पेढे वाटले. पण सचिव गेले त्या दिवशी ते आत आले ते थेट मशीनकडे. मला म्हणाले, बस.

"आता इथले शेरे पन पुसून टाकतो. उद्या कोनी ही मशीन उचलून नेईन, काही भरोसा नाही. एका ओळीत होते ना?"

"होते. शेऱ्यावर कोरं लिहिल्या जाते, मंग कोनाले काढता येत नाही."

त्यांनी ती ओळ टाइप केली. मग एन्टरवर बोट न नेता ती मागं घेतली आणि खुर्ची सरकवून मला जागा दिली. "आधी तुझा पाहून घे. तीन साल मान वाकडी करून करून पाह्यत होती."

त्यांना ठाऊक होतं तर. मी माझा नंबर टाकला. नाव आलं, वय आलं, तिरोडी आलं, भाषेचे नऊ मार्क आले. मी पुढे पुढे सरकत शेवटच्या रकान्यात पोचले. त्यांचा हात काचेवर नव्हता.

रकाना कोरा होता.

"काकूनं तुमाले सांगतलं नाही?" मी विचारलं.

"सांगतलं ना. त्याच दिवशी."

"मंग?"

"तिनं सांगतलं," काकाजी म्हणाले. "तू कुठं सांगतलं मले?"

मला एकदम रडू फुटलं. तीन वर्षं मी या माणसाचा मनातल्या मनात राग केला होता, त्या तळहाताचा राग केला होता, आणि त्या तळहाताखाली माझं काहीच नव्हतं. काकाजी अवघडून पंख्याकडे पाहत बसले. रडून झाल्यावर मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. पहिली फिट शाळेत प्रार्थनेच्या वेळी आली ते, मुली मागं सरकल्या ते, आईनं ती चक्कर म्हणून सांगून झाकली ते, अर्धी गोळी, आईची भीती, माझी भीती. बाबांना सोडून, मी होऊन, कुणा पुरुषाला हे सांगण्याची ती पहिली वेळ होती. पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्याला सांगायला मला जड गेलं नाही.

त्यांनी मधे एकदाही तोंड न घालता ऐकलं.

"बरं झालं सांगतलं," ते म्हणाले. "पन आता लिहिनं बंद झालं."

आणि ती ओळ पुन्हा टाइप करून त्यांनी एन्टर दाबलं.